गुलमर्गला लहान मुलांना घेऊन स्कीइंग: तारकर्लीहून जाऊन आल्यावरचं माझं मत

मूल सहा वर्षांच्या पुढचं असेल, हाताशी सलग आठवडा असेल आणि शिकवणारा माणूस शांत डोक्याचा मिळाला, तर गुलमर्गची स्कीइंगची सहल घातलेल्या पैशाला पुरेपूर उतरते. मूल चार वर्षांचं असेल तर त्याला बर्फात खेळवायला जरूर न्या, पण स्कीइंगची आशा धरू नका. आईबापांपैकी कोणी एकाने आपलं स्कीइंग सोडायचं, हे घरूनच ठरवून निघा. आमच्याकडे दोन्ही वयं होती, सात वर्षांचा झील, म्हणजे मालवणीत मुलगा, आणि चार वर्षांचं चेडू, म्हणजे मुलगी. त्यामुळे दोन्ही बाजू जवळून बघता आल्या.

तारकर्लीला आमचा घरगुती होमस्टे आहे. पाहुण्यांच्या पोरांचे भिजलेले कपडे वाळवणं, समुद्रावरून उशिरा आलेल्यांना पुन्हा चूल पेटवून जेवायला घालणं, कोणाच्या तान्ह्याला रात्री मऊ भात करून देणं, हे आमचं रोजचं काम. म्हणून कुठेही गेलं की माझं लक्ष आधी तिकडे जातं. गरम पाणी किती वाजता येतं, ओलं कुठे वाळतं, अवेळी भूक लागली तर स्वयंपाकघर उघडतं का. हा अभिप्राय त्या नजरेने लिहिलाय. ज्यांना स्कीइंग उत्तम येतं त्यांना यात फारसं काही मिळणार नाही. ज्यांच्या पोरांनी बर्फ फक्त मासळीच्या पेटीत बघितलाय, त्यांच्यासाठी हे आहे.

आधी कधी जायचं ते. आमच्या धंद्यात दिवाळी, नाताळ आणि वर्षअखेर म्हणजे भर हंगाम, तेव्हा घर सोडता येत नाही. पुढे आंबा, मग मे महिना. राहतो फेब्रुवारी, पण त्या दिवसांत आंगणेवाडीची भराडीदेवीची जत्रा येते. तिची तारीख पंचांगात नसते, देवीचा कौल घेऊन ठरते आणि ती जाहीर होईपर्यंत मालवण तालुक्यात कोणी कसला बेत पक्का करत नाही. तारीख कळली, जत्रा झाल्यावरचा आठवडा मोकळा दिसला आणि आम्ही तिकिटं काढली. शिमग्याच्या आत परत यायचं होतं.

ही सोय आमच्यासाठी होती, पण मुलांच्या दृष्टीनेही हाच काळ मला सगळ्यात बरा वाटला. काश्मीरमध्ये २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस चिल्लई कलां, म्हणजे कडाक्याची थंडी. त्यानंतर वीस दिवस चिल्लई खुर्द आणि मग दहा दिवस चिल्लई बच्चा. कोकणातल्या पोराला पहिल्याच खेपेला चिल्लई कलांमध्ये नेण्यात काही अर्थ नाही. फेब्रुवारीच्या मध्यानंतर दिवस मोठा झालेला असतो, उन्हाला थोडी ऊब येते आणि उतारावर बर्फ चांगला साठलेला असण्याची शक्यताही जास्त. नाताळच्या सुट्टीतली महागडी तिकिटं काढणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्ग जवळजवळ महिनाभर कोरडं होतं, हंगामाचा मोठा बर्फ पडला तो महिना संपता संपता. बर्फ कोणाच्या सुट्ट्या बघून पडत नाही. शाळेतून आठवड्याची रजा घ्यावी लागली तर घ्या, दुसरीच्या वर्गात काही फार बुडत नाही.

उत्तराखंडातल्या औलीचा विचार आम्ही केला होता. तिथले उतार शिकाऊ माणसाला चांगले आहेत असं सगळेच सांगतात. पण जमीन खचल्यामुळे जोशीमठ ते औली हा रोपवे जानेवारी २०२३ पासून बंद आहे, आणि हृषीकेशहून जोशीमठला पोचायचं म्हणजे अख्खा दिवस घाटरस्ता. आमचं चेडू करूळ घाट चढतानाच ओकतं. गुलमर्ग श्रीनगर विमानतळावरून दोन-अडीच तासांत येतं, हा एकच मुद्दा आमच्यासाठी पुरेसा होता.

कुडाळहून रात्रीच्या कोकणकन्येने मुंबई, तिथून विमानाने श्रीनगर. श्रीनगरला आधी मुक्काम करा, त्याच दिवशी वर जायची घाई करू नका. आमचं अंगण समुद्राच्या बरोबरीला. श्रीनगर साधारण १५८५ मीटरवर आहे आणि गुलमर्ग २६५० मीटरच्या आसपास. अडीच हजार मीटरच्या वर विरळ हवेचा त्रास होऊ शकतो, आणि लहान मूल ‘माझं डोकं दुखतंय’ असं नीट सांगत नाही. ते किरकिर करतं, जेवण टाकतं, रात्री सारखं उठतं. आपल्याला वाटतं प्रवासाने दमलंय. थंडीत मुलांना तहान लागत नाही, त्यामुळे कोमट पाण्याची बाटली घेऊन त्यांच्या मागे लागावं लागतं. निघण्यापूर्वी आमच्या डॉक्टरांशी बोलून घेतलं होतं, तेही करा.

घरच्यांच्या भीतीबद्दल स्पष्ट लिहिते. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामला पर्यटकांवर जो हल्ला झाला, त्यात महाराष्ट्रातली माणसंही गेली. माझ्या सासूबाईंचा जीव अखेरपर्यंत तयार नव्हता आणि त्यांचं काही चुकत होतं असं मला वाटत नाही. ‘बिनधास्त जा’ असं मी कोणाला सांगणार नाही, ज्याने त्याने आपल्या घरात बसून ठरवायची ही गोष्ट आहे. वाटेत तपासणी नाके लागतात, मुलांचीही आधार कार्डं जवळ ठेवा. आम्हाला जी जी माणसं भेटली, त्यांनी पोरांना घरच्यासारखं वागवलं, हेही तितकंच खरं. सिमकार्ड पोस्टपेड लागतं, महाराष्ट्रातलं प्रीपेड तिथे चालत नाही. हे कुडाळ स्टेशनवर आठवून उपयोग नाही.

तनमर्गपासून गुलमर्गपर्यंतचा तेरा किलोमीटरचा चढ. बर्फ पडलेला असला की साध्या गाडीला तनमर्गलाच थांबावं लागतं. पुढे चाकांना साखळ्या बांधलेली किंवा चारही चाकं ओढणारी गाडी करायची. ही अदलाबदल होते तिथेच गमबूट आणि कोट भाड्याने देणारी दुकानं आहेत, आणि आमच्या ड्रायव्हरने आम्हाला थेट त्यातल्या एका दुकानाच्या दारात उभं केलं. आमच्याकडे सगळं होतं, त्यामुळे नम्रपणे नाही म्हटलं आणि पुढे निघालो. तुमच्याकडे काहीच नसेल तर तिथले गमबूट चालतात, पण मुलांच्या मापाचे मिळतीलच अशा भरवशावर जाऊ नका.

कपड्यांची खरेदी पुण्याला डेकॅथलॉनमध्ये केली होती आणि तो खर्च कारणी लागला. अंगालगत थर्मल, त्यावर लोकरीचं किंवा फ्लीसचं, सगळ्यात बाहेर पाणी न शिरणारं जाकीट आणि विजार. आपल्याकडे बाराही महिने सुती घालायची सवय, पण तिथे अंगालगत सुती काही नको. घाम आला की सुती कापड ओलं राहतं आणि मूल आतून गारठतं. चार वर्षांच्या मुलाला पाच बोटांचे हातमोजे नकोत, चार बोटं एकत्र राहतात ते घ्या, आणि दोन जोड घ्या, कारण एक जोड कायम शेगडीपाशी वाळत असतो. काळा चश्मा किंवा गॉगल मुलांनाही हवाच. उंचीच्या दर हजार मीटरला अतिनील किरणं साधारण दहा टक्क्यांनी वाढतात आणि ताजा बर्फ त्यातली ऐंशी टक्क्यांपर्यंत परत वर फेकतो. वाळूवर वाढलेल्या आमच्या पोरांची नाकं पहिल्याच दुपारी लाल झाली. हनुवटीच्या खाली आणि नाकपुड्यांच्या कडेलाही सनस्क्रीन लावा, कारण ऊन खालूनही येतं.

आता भाड्याच्या सामानाचं. माझ्या मते सहल बनते की बिघडते ती इथे. मोठ्या माणसांचे स्की, बूट, काठ्या भरपूर मिळतात. लहान मापाचे बूट आणि हेल्मेट मात्र मोजकेच असतात आणि सकाळी लवकर जाईल त्याला मिळतात. पहिल्या दुकानात झिलाला दोन मापं मोठे बूट पुढे केले आणि वर सांगितलं, “दो-तीन मोज़े पहना दीजिए, फ़िट हो जाएगा.” असं अजिबात करू देऊ नका. स्कीच्या बुटात एकच पातळसा लांब मोजा घालायचा असतो. मोज्यावर मोजा चढवला की चुण्या पडतात, नडगीला टोचतं, रक्त नीट फिरत नाही आणि पाय जास्तच गार पडतो. शिवाय बूट सैल असला की पोराने आत पाय वळवला तरी स्की वळत नाही. मग ते पडतं आणि त्याला वाटतं आपल्यालाच जमत नाही. मी बूट परत ठेवले. दुकानदार नाराज झाला, मी बाहेर पडले.

दुसऱ्या दुकानातल्या म्हाताऱ्या चाचांनी बूट द्यायच्या आधी आतलं मऊ अस्तर बाहेर काढलं, त्यावर झिलाचं पाऊल ठेवून बोटापुढे किती जागा उरते ते बघितलं, मग बूट चढवला, टाच मागे ठोकायला लावली आणि त्यानंतर खालून वर एकेक कडी लावत गेले. शेवटी त्याला गुडघे पुढे वाकवायला सांगितले. नडगी बुटाच्या जिभेला टेकली पाहिजे आणि टाच उचलता कामा नये. झिलाचं वजन विचारून त्यांनी बाइंडिंगचा, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या पकडीचा, स्क्रू सैल केला, कारण पोर पडलं की स्की सुटला पाहिजे, नाहीतर गुडघा पिरगळतो. स्कीची उंची त्याच्या छातीच्या वर आणि हनुवटीच्या खाली. काठ्या दिल्याच नाहीत. “बच्चे को डंडा नहीं,” एवढंच म्हणाले, आणि ते बरोबर होतं. काठी हातात आली की मूल तिच्यावरच रेलतं. तुमच्या दुकानदाराने यातलं काहीच केलं नाही तर पुढच्या दुकानात जा. तिथे दुकानांची वाण नाही.

शिकवणारा उस्ताद आम्हाला गेस्ट हाऊसच्या मालकांनी लावून दिला. तनमर्गजवळच्या गावातला, तिशीतला, स्वतः लहानपणी लाकडी फळ्यांवर शिकलेला. मालवणात आमची पोरं जशी पोहायला शिकता शिकताच पर्यटकांना पाण्यात न्यायला शिकतात, तसंच तिथे बर्फाचं आहे, आणि असा माणूस ओळखायला मला वेळ लागत नाही. त्याने पहिला अख्खा तास स्की बांधलेच नाहीत. नुसत्या बुटांनी चालवलं, धावायला लावलं, मुद्दाम पाडलं आणि उठायला शिकवलं. कुशीवर व्हायचं, दोन्ही पाय उताराला आडवे आणायचे, मग हात टेकून उठायचं. मग एकाच पायाला स्की. मग दुसऱ्या. बुटाच्या तळाला चिकटलेला बर्फ खरवडून काढल्याशिवाय बूट बाइंडिंगमध्ये बसत नाही. आधी पुढचं टोक सारायचं आणि मग टाच दाबायची, की खटकन आवाज येतो. झिलाला हा खटका इतका आवडला की तो परत परत काढून घालत बसला. उस्तादाने त्याला घालू दिला. घाई नाही, ओरडणं नाही.

उतार चढून जायचा तर बाजूने एकेक पाऊल टाकत, कडा बर्फात रुतवत. खाली यायचं तर स्कीची टोकं जवळ आणि टाचा लांब, म्हणजे तो त्रिकोण ज्याला ते पिझ्झा म्हणतात. त्रिकोण रुंद केला की वेग कमी, अरुंद केला की जास्त. उस्ताद स्वतः तोंड झिलाकडे करून उलटा घसरायचा, त्याच्या स्कीची टोकं दोन्ही हातांत धरून, आणि एकच गोष्ट सांगत राहायचा: “बेटा, पाँव मत देखो, मुझे देखो.” पायाकडे बघितलं की कंबर मागे जाते आणि कंबर मागे गेली की स्की पळतात. कोणत्या तरी क्षणी त्याने हात सोडले होते. झिलाच्या ते लक्षातच आलं नाही. खाली थांबल्यावर त्याने मागे वळून उतार बघितला आणि मला हाक मारली, “आये, माका परत वर जावचां आसा!” त्यानंतर त्याला जेवायला आणणं कठीण झालं.

गुलमर्गच्या बशीसारख्या मैदानात, गोल्फच्या मैदानाच्या अंगाला, शिकाऊंचे बेताचे उतार आहेत. तिथे ओढून वर नेणाऱ्या छोट्या लिफ्ट आहेत. दोरीला लोंबणारी थाळी दोन पायांमध्ये घ्यायची आणि ताठ उभं राहायचं. मुलांना ती बसायची जागा वाटते, ती बसतात आणि पडतात. चांगला उस्ताद पहिल्या वेळी मुलाला स्वतःच्या पायांमध्ये घेऊन जातो. आमच्या माणसाने ते न सांगता केलं. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची स्कीइंग आणि गिर्यारोहण शिकवणारी संस्थाही गुलमर्गलाच आहे आणि तिथे रीतसर वर्ग चालतात. मोठ्या मुलांसाठी, स्वतःसाठी त्यांचं वेळापत्रक आधी बघून ठेवा. लहानग्याला मात्र एकट्याला शिकवणारा माणूसच हवा. आम्ही उस्तादाला दिवसाचे २५०० रुपये दिले आणि तो भाव मला रास्त वाटला.

एक नियम आम्ही पाळला तो तुम्हीही पाळा: सकाळचंच स्कीइंग. दहाला सुरुवात, साडेबाराला बंद. दुपारनंतर मूल दमलेलं असतं, बर्फ उन्हाने जड होतो आणि ऊन उतरलं की त्याचाच कडक थर होतो. दमलेल्या पायांनी आणि कडक बर्फावर पोरं जास्त पडतात. ज्यांच्याकडे आठवडा नाही, ते एकाच दिवसात सगळं उरकायला बघतात. त्यांची रडणारी मुलं मी रोज दुपारी तीनच्या सुमारास बघत होते.

चेडवाचं वेगळं. गाडीतून उतरल्या उतरल्या तिने मूठभर बर्फ उचलला आणि विचारलं, “आये, ह्यां मीठ आसा काय गो?” शिरोड्याचं मिठागर बघितलेल्या पोरीला दुसरं काय वाटणार. स्की तिने घातले, अर्धा तास उस्तादाचा हात धरून सपाटीवर सरकली, आनंदाने सरकली, आणि मग म्हणाली पुरे. चार वर्षांच्या पायांत स्कीचा त्रिकोण धरून ठेवण्याएवढं बळ नसतं, त्यामुळे पैसे भरले म्हणून तिला परत उभं करणं मला पटलं नाही. बर्फाची घसरगुंडी, बर्फाची माणसं, प्लॅस्टिकच्या घमेल्यात बसून ओढणं, यात तिचे दिवस भरगच्च गेले. नवरा आणि मी आळीपाळीने तिच्याजवळ राहिलो. एवढे थर चढवल्यावर शू लागली की काय होतं ते आईलाच माहीत. उतारावर पाऊल ठेवायच्या आधी स्वच्छतागृह कुठे आहे ते बघून ठेवा, आणि विजार खांद्यावरच्या पट्ट्यांची असेल तर त्या सटकन सुटतात का ते घरीच तपासा.

गंडोल्याबद्दल, म्हणजे तारेवरून वर जाणाऱ्या पाळण्याबद्दल, सगळे विचारतात. पहिला टप्पा गुलमर्ग ते कोंगडोरी, १९९८ साली सुरू झालेला, साधारण ३१०० मीटरपर्यंत नेतो. दुसरा २००५ चा, अफरवट डोंगरावर, ३९०० मीटरच्याही वर. तिकिटं जम्मू-काश्मीर केबल कार महामंडळाच्या संकेतस्थळावर काढायची आणि आधीच काढायची, तिथे जाऊन मिळतील या आशेवर राहू नका. वारा सुटला की गंडोला बंद ठेवतात, तेव्हा परतीच्या आदल्या दिवसासाठी राखून ठेवू नका. पहिला टप्पा मुलांना घेऊन जरूर करा. खाली देवदाराच्या झाडांवर साठलेला बर्फ, मध्येच मेंढपाळांची बर्फात बुडालेली, रिकामी घरं, आमची दोघंही काचेला नाक लावून गप्प बसली होती. दुसऱ्या टप्प्याला आम्ही पोरांना नेलं नाही. समुद्रावरच्या मुलांना थेट चार हजारांच्या जवळ न्यायचं, तिथे दहा मिनिटं फोटो काढायचे आणि डोकं धरून उतरायचं, हे मला पटत नाही. अफरवटचे वरचे, आखलेल्या वाटेबाहेरचे उतार तर मुरलेल्या स्कीअरसाठीच आहेत. फेब्रुवारी २०२३ मध्ये तिथे हिमस्खलनात पोलंडचे दोन स्कीअर गेले, फेब्रुवारी २०२४ मध्ये पुन्हा हिमस्खलन झालं आणि एक रशियन स्कीअर गेला. ‘थोडं वर जाऊ, मस्त बर्फ आहे’ असं कोणी म्हणालं तरी मुलांसोबत जाऊ नका.

राहायला आम्ही दोन जागा बघितल्या. पहिल्या ठिकाणी ‘खोली गरम असते’ असं सांगून बुकिंग घेतलं होतं. पोचल्यावर कळलं की हीटरचे पैसे वेगळे, तेही रात्री ठराविक तासच. आपल्या धंद्यात पाहुण्याला दारात उभं करून नवा दर सांगणं म्हणजे विश्वास घालवणं. एका रात्रीनंतर तिथून निघालो. पुढची जागा उतारापासून चालत पाच मिनिटांवरची साधी लाकडी इमारत, पण मालकांची वागणूक बघून मी थक्क झाले. नळ गोठला त्या सकाळी त्यांनी न सांगता गरम पाण्याच्या बादल्या दारात आणून ठेवल्या. ओले हातमोजे आणि मोजे रोज संध्याकाळी गोळा करून बुखारीभोवती दोरीवर टांगायचे आणि सकाळी सुके करून द्यायचे. बुखारी म्हणजे त्यांची लाकडावरची शेगडी, धुराडं बाहेर काढलेली. एक सांगून ठेवते: बुखारी किंवा कांगडी, म्हणजे निखाऱ्यांची टोपली, पेटती ठेवून खोली घट्ट बंद करून झोपू नका. त्या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो आणि त्याने माणसं दगावतात. मालक स्वतः रात्री येऊन विस्तव बघून जायचे, खिडकीला फट ठेवायचे. आम्ही झोपताना विजेचं पांघरूण पोरांच्या अंथरुणात आधी गरम करून मग बंद करत होतो.

जेवणाचा प्रश्न येईल असं वाटलं होतं, तो आलाच नाही. काश्मीर भात खाणारा मुलूख, आणि भातावर आमची पोरं कुठेही राहतील. हाक नावाच्या पालेभाजीचा पातळ रस्सा, राजमा, दह्यातली नदरू म्हणजे कमळाचे देठ. ट्राउट मासा मिळाला, ताजा होता, पण नारळाशिवायचा मासा झिलाला काही रुचला नाही. मी घरून मेतकूट आणि कोकमाचं आगळ नेलं होतं. एका रात्री चेडू जेवेना, तेव्हा मालकीणबाईंनी मला स्वयंपाकघरात बोलावून गॅस रिकामा करून दिला. मी गुरगुट्या भात केला, वर तूप-मेतकूट घातलं. त्या बघत उभ्या होत्या, चव घेऊन त्यांनी मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच तसा मऊ भात करून पाठवला. ज्या घरात पाहुण्याला स्वयंपाकघरात घेतात तिथे मी पुन्हा जाते.

स्लेजवाले आणि गाइड मागे लागतात, हे खरं. त्यांच्यावर चिडून काही होत नाही. हंगाम थोडा, माणसं जास्त, आणि बर्फ नाही पडला तर त्या वर्षी चूल कशी पेटायची हा प्रश्न त्यांचा आहे. पावसात होड्या बंद असतात तेव्हा आमच्या किनाऱ्यावर हेच असतं. पण भाव आधी ठरवा, पुढचा-मागचा सगळा हिशोब बोलून घ्या, नको असेल तर एकदाच स्पष्ट ‘नको’ म्हणा आणि चालायला लागा. दरपत्रकाचा फलक दिसला तर त्याचा फोटो काढून ठेवा. ‘स्कीइंग करवतो’ म्हणून दहा मिनिटं ढकलत नेऊन पैसे मागणारेही असतात. त्याला स्कीइंग म्हणत नाहीत आणि मुलांसाठी ते धोक्याचं आहे.

चौघांचा सगळा मिळून खर्च दीड लाखाच्या आसपास गेला, त्यात कपडे आले, जे दोन वर्षांत पोरांना आखूड होतील. ज्यांना एवढे घालवायचे नाहीत त्यांनी कपडे ओळखीच्यांकडून मागून घ्या, पण बूट, हेल्मेट आणि उस्ताद यात काटकसर नको.

येताना विमान टाळून श्रीनगर-कटरा वंदे भारतने आलो. ही गाडी जून २०२५ मध्ये सुरू झाली, तीन तासांच्या आसपास लागतात. मुलांसाठी मी तीही सहलीचा भाग धरते. चिनाब पुलावर गाडी आली तेव्हा आमच्या डब्यात सगळे उठून खिडक्यांशी गेले. नदीपासून ३५९ मीटर उंच, १३१५ मीटर लांब. आणि हा पूल ज्या टप्प्यात येतो त्याचं काम आपल्या कोकण रेल्वे महामंडळाकडे होतं, हे मी पोरांना तिथेच सांगितलं. रत्नागिरीजवळचा पानवल नदीवरचा पूल ६४ मीटर उंच आहे, त्यावरून जाताना झील दर वेळी खाली बघतो, तेव्हा त्याला आकडा लगेच कळला. आम्हाला गाडी कटऱ्याला बदलावी लागली आणि सामानाची तपासणी झाली, त्यामुळे मध्ये भरपूर वेळ ठेवा. कटऱ्याहून वांद्रे टर्मिनसला स्वराज एक्सप्रेस आहे. लांबचा पल्ला आहे, पण दमलेली मुलं बर्थवर आडवी होतात आणि विमानतळावर ताटकळण्यापेक्षा ते मला परवडलं.

पुढच्या वेळी चेडू सहाची झाल्यावरच नेणार, आणि उस्तादाला विमानाचं तिकीट काढायच्या आधी फोन करणार. फेब्रुवारीत त्याचे दिवस लवकर भरतात, हे त्यानेच निघताना सांगितलं.